तवंदीच्या उतारावर एक सायकल-परीक्षा

घरात नवे वाद्य आले की त्याच्यावर पहिल्या दिवशी अनोळखी राग छेडू नये, असा जुन्या गुणी मंडळींचा दंडक होता. माझे वडील दरबारचे गवयी. संस्थान १९४९ साली विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटली नव्हती. पण आजोबांच्या मागे बसून तंबोरा धरण्याची चाकरी त्यांनी पोरवयातच केली होती आणि ती शिस्त त्यांच्या अंगी जन्मभर राहिली. मिरजेहून नवा तंबोरा आला की ते डोळे मिटून आपला रोजचा यमन धरीत. कारण विचारले तर म्हणत, “राग ओळखीचा, गळा ओळखीचा, मग जे काही निराळे ऐकू येईल ते त्या तंबोऱ्याचे.”

हा दंडक सायकलीलाही लागू पडतो असे एखाद्या गाण्याच्या मास्तराने म्हटले, तर वाचकांना थोडे हसू येईल. परंतु कार्तिकातल्या एका रविवारी तवंदीच्या डोंगरावर मला तो पदोपदी आठवला. ज्या सायकलीची परीक्षा माझ्यावर सोपविली होती, तिचे नाव ‘डाऊनहिल’. डोंगराच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत, दगडधोंड्यांतून, शक्य तितक्या वेगाने खाली येणे, एवढ्या एकाच कामासाठी घडविलेली ती सायकल. आणि परीक्षेची वाट? गेली वीस वर्षे माझ्या पायाखालची आणि चाकाखालची.

वाट कशी आहे

निपाणीहून बेळगावकडे जाणाऱ्यांना तवंदीचा घाट ठाऊक असणारच. कोल्हापूर सोडावे, कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडावी, यमगर्णीजवळ वेदगंगा पार करावी, आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारी मागे पडतात न पडतात तोच रस्ता चढू लागतो. जुन्या काळी एस. टी. या चढावर धापा टाकीत असे. आता रुंद महामार्गावरून मोटारी केव्हा वर जातात ते कळतही नाही. घाटाच्या कुशीत स्तवनिधी हे जैन बांधवांचे प्राचीन क्षेत्र आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सारा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. पण आपल्याकडील जुन्या घरांच्या लेकीसुना तिकडे आणि तिकडच्या इकडे, हे काही थांबले नाही. माझी थोरली बहीण निपाणीत दिलेली. तिच्याकडे जाण्याचे निमित्त करून मी या डोंगराशी जी सोयरीक जुळविली, ती आजवर टिकली आहे.

महामार्गाचा गोंगाट मागे टाकून एक पाऊलवाट डोंगराच्या अंगाने खाली उतरते. ती कोणी मुद्दाम काढलेली नाही. गुरे, शेळ्या, वैरणीच्या बाया आणि पावसाचे पाणी यांनी ती पाडली आहे. मी तिचे मनाशी चार तुकडे पाडले आहेत. आरंभी माथ्यावरचा सपाट मुरूम; त्यावर सुटी खडी, चाक केव्हा निसटेल याचा नेम नाही. मग ‘पायरी’, म्हणजे गुडघाभर उंचीचा उघडा कातळ, ज्याच्याखाली वाट एकदम खचते. त्यापुढे पावसाने कोरलेली ओघळ, दोन्ही बाजूंना काठ आणि तळाशी नारळाएवढे धोंडे. शेवटी बाभळीचे वळण. तेथे वाट झाडाला वळसा घालून शेताच्या बांधावर उतरते आणि समोरून कोण येत आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वाचकांनी हे चार तुकडे ध्यानात ठेवावेत.

या वाटेने मी माझ्या साध्या डोंगरी सायकलीवरून उतरतो. तिच्या पुढच्या फोर्कात चार बोटे खेळणारी स्प्रिंग आहे, मागे काही नाही. पायरीपाशी मी उतरतो, सायकल हाताने खाली घेतो आणि पुन्हा बसतो. माथ्यापासून बांधापर्यंत घड्याळाने साडेसहा मिनिटे. पन्नाशीकडे झुकलेल्या आणि उद्या सकाळी पेटीवर बोटे ठेवायची आहेत अशा माणसाला हा हिशेब पुरेसा आहे.

प्रश्न कोणाचा होता

प्रश्न माझा नव्हता, माझ्या भाच्याचा होता. तो बेळगावात शिकतो. तेथल्या एका मित्राला दूरगावी नोकरी लागली म्हणून त्याने आपली डाऊनहिल सायकल विकायला काढली. वापरलेली असूनही किंमत पावणेदोन लाख. भाच्याच्या मनात राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे आहे. आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत डोंगरी सायकलींच्या इतर शर्यतींबरोबर डाऊनहिलही असते. शनिवारी रात्री टेंपोतून ती निपाणीच्या वाड्यात आली आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचे होते.

दाजी जाऊन आता आठ वर्षे झाली. अक्काने तंबाखूच्या उत्पन्नातून मुलाच्या नावाने थोडे थोडे बाजूला टाकले आहेत. रात्री जेवणे झाल्यावर ती ओसरीवर येऊन बसली.

“बाळा, मला त्यातले काही कळत नाही,” ती म्हणाली. “पैशाचे मला एवढे नाही. पण याला काही झाले तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? उद्या तू बसून बघ. तू हो म्हणालास तर देते. नाही म्हणालास तर विषय संपला.”

भाचा खांबाला टेकून उभा होता. तो एवढेच म्हणाला, “मामा, सकाळी लवकर जाऊ या. उन्हाच्या आधी.”

या सायकलीचे कूळ

आता या सायकलीविषयी थोडे. पोस्टमन आणि दूधवाले वापरतात ती आपली काळी सायकल पिढ्यान् पिढ्या फारशी बदललेली नाही. डोंगरी सायकलीचे कूळ त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती सान फ्रान्सिस्कोजवळ तामल्पाय नावाचा डोंगर आहे. त्या परिसरातील काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या, फुगीर टायरांच्या जुन्या जड सायकली गोळा केल्या आणि मातीच्या वाटेवरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. त्या सायकलींना मागे पॅडल फिरवून लावायचा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात. तेच त्या वाटेचे आणि शर्यतीचे नाव पडले.

त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, आणि गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांच्या खटपटीतून अशा सायकलींचा धंदा उभा राहिला. १९८९ च्या सुमारास पुढच्या फोर्कात मोटारसायकलीसारखे शॉक ॲब्सॉर्बर येऊ लागले. १९९० साली अमेरिकेतील ड्युरँगो गावी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिच्यात डाऊनहिलही होती. या शर्यतीत स्वार एकामागून एक सुटतात आणि घड्याळच निकाल देते; सारा खेळ काही मिनिटांचा. डोंगरी सायकलीची लांब पल्ल्याची शर्यत १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे; डाऊनहिलला तो मान अद्याप मिळालेला नाही.

अंगणात उभी असलेली सायकल मी सकाळी नीट न्याहाळली. वजन सुमारे सोळा किलो. म्हणजे दूधवाल्याच्या सायकलीपेक्षाही कमी. पुढे दुहेरी पट्टीत धरलेला जाडजूड फोर्क, मागे स्प्रिंग. दोन्हीकडे चाक वर-खाली खेळण्याचा पल्ला दोनशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. ब्रेक तेलाच्या दाबाने चालणारे, चकतीचे. एका बोटाने धरण्यासारखे. टायर अडीच इंच रुंद, आत ट्यूब नाही आणि हवा इतकी कमी की अंगठा दाबला तर रुतावा. गियर मोजके, कारण चढायचे तिला नसतेच. सीट खूप खाली, कारण उतारावर तिच्यावर कोणी बसत नाही. सारा भार पॅडलवर, कोपरे बाहेर आणि नजर पुढे. फोर्क फारच पुढे झुकलेला होता. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत हा कोन जमिनीशी ७२-७३ अंशांचा असतो, येथे ६३ च्या आसपास. त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून दूर पडते आणि तीव्र उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याचे भय कमी होते.

माथ्यावर एक धनगरबाबा शेळ्या राखीत बसले होते. त्यांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“मास्तर, इंजान कुठं बसवलंय ह्याचं?”

“इंजन नाही बाबा, सायकलच आहे.”

“मग एवढी धिप्पाड कशापायी?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच तर मी आलो होतो.

तीन फेऱ्या

स्वाराच्या वजनाप्रमाणे सायकल लावून घ्यावी लागते. तंबोऱ्याची जवारी काढावी तशी. सायकलीवर नुसते उभे राहिल्यावर फोर्क आणि मागची स्प्रिंग आपल्या पल्ल्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी दबली पाहिजे. त्याहून कमी दबली तर सायकल दगडांवर उडते. अधिक दबली तर धक्क्याच्या वेळी पल्ला अपुरा पडतो. दुसरे म्हणजे दबलेली स्प्रिंग परत किती सावकाश यावी हे एका छोट्या गुंडीने ठरवायचे. फार चपळाईने परतली तर ती स्वारालाच वर फेकते. फार मंद परतली तर लागोपाठच्या दगडांत ती दबलेलीच राहते आणि तिसऱ्या दगडाला हाती काही उरत नाही. भाच्याने पट्टी लावून मोजले, हवा भरली, गुंडी फिरवली. त्याचे हात सफाईने चालत होते हे मी पाहून ठेवले.

पहिली फेरी मी माझ्या नेहमीच्या चालीने केली. आणि काय सांगावे, मला ती सायकल मुळीच आवडली नाही! माथ्यावरच्या सपाटीवर ती रेड्यासारखी जड वाटली. पॅडल मारावे तर निम्मे बळ स्प्रिंगाच गिळून टाकीत. हँडल वळवावे तर पुढचे चाक पडल्यासारखे एका अंगाला जाई. माझी जुनी सायकल ज्या खडीची बातमी तळहाताला देते, ती येथे पोचतच नव्हती. पायरीपाशी मी सवयीने थांबलो, उतरलो, आणि मागे उभ्या असलेल्या भाच्याने काही न बोलता मान वळविली. बाभळीपर्यंत सहा मिनिटे.

बांधावर लावलेल्या टेंपोत सायकल चढवून आम्ही पुन्हा माथ्यावर गेलो. ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी. माझी सायकल मी चढावर दामटतो. ही सायकल वर न्यायला दुसरे वाहन लागते. परदेशात यासाठी आकाशपाळण्यासारखे दोर असतात. तवंदीला आहे तो भाड्याचा टेंपो आणि त्याचे डिझेल.

दुसऱ्या फेरीला मी ब्रेकवरची बोटे सैल केली. वेग दुपटीच्या आसपास गेला असेल, आणि सायकल निराळीच झाली. जे चाक मघाशी एका अंगाला पडत होते ते आता रुळावर बसल्यासारखे सरळ चालू लागले. खडीचा थरथराट एका सलग घुमाऱ्यात मिसळून गेला. पायरी आली. नजर कातळावर न ठेवता खालच्या वाटेवर ठेवली, गुडघे आणि कोपरे मोकळे सोडले. पुढचे चाक खाली गेले, फोर्क वीतभर दबला, मागचे चाक पाठोपाठ आले, आणि मी पायरीच्या खाली होतो. वीस वर्षे ज्या कातळावरून मी सायकल हाताने उतरविली, तो कातळ मला त्या दिवशी प्रथमच चाकाखाली कळला. ओघळीतले नारळाएवढे धोंडे तर टायर नुसते झेलीत आणि सोडीत होते. वडिलांच्या न्यायाने बोलायचे तर वाट माझी, शरीर माझे. निराळे जे ऐकू आले ते या सायकलीचे. विलंबितात जिचा एक सूर धड लागत नव्हता, ती द्रुतात निर्दोष बोलत होती.

पण बाभळीचे वळण यायचेच होते. ब्रेक धरला, सायकल जागच्या जागी थांबली. झाडापलीकडे डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे एक लहान मुलगी. अंतर बरेच होते, धोका असा काही नव्हता. बाईंनी भारा सावरला आणि हसून म्हणाल्या, “निधानक होगरी, सर.” सावकाश जा, असे त्या सांगत होत्या. त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु सावकाश जाणे ही या सायकलीची चालच नव्हे, हे मला पहिल्या फेरीतच कळून चुकले होते.

तिसऱ्या फेरीला मी खाली, वळणाच्या पुढे, रस्ता राखीत उभा राहिलो आणि भाच्याला सोडले. मामा म्हणून नव्हे, मास्तर म्हणून सांगतो: शिकविण्यात इतकी वर्षे गेल्यावर विद्यार्थ्याच्या पहिल्या दोन आवर्तनांत त्याची जात कळते. वरून तो येताना प्रथम आवाजच आला. मग तो दिसला. अंग स्थिर, फक्त सायकल खाली नाचते आहे. पायरीवर त्याने अंग चोरले नाही. ओघळीत तो तळातून न येता काठावरून आला. ही वाट मला वीस वर्षांत सुचली नव्हती. वळणाच्या आधी, वळणात नव्हे, त्याने ब्रेक धरला आणि सोडला. घड्याळात तीन मिनिटे चाळीस सेकंद. धनगरबाबा वरून ओरडले, “पोरगं पाखरावानी उतरलं की हो!”

निवाडा

दुपारी अक्काने पाने वाढली. ती विचारणार, आणि मला टाळता येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते.

मी तिला सांगितले ते असे. सायकलीत खोट नाही. मागितलेली किंमतही वाजवी आहे. पण ही सायकल या वाटेची नव्हे. तवंदीची वाट गुरांची, वैरणीची आणि शेतावर जाणाऱ्या माणसांची आहे. तिच्यावरून सावकाश जाणाराला हक्क आहे, वेगाने जाणाराला दर वेळी खाली एक माणूस राखणीला उभा करावा लागेल. जी सायकल वेगावाचून बोलतच नाही ती रोज या वाटेवर न्यायची, तर एक तर ती मुकी राहील, नाही तर एखाद्या दिवशी बाभळीपलीकडे कोणी तरी असेल. वर पुन्हा, रोज टेंपो करून तालीम होत नसते. गळा तयार होतो तो रोजच्या बैठकीने, जलशाने नव्हे.

“म्हणजे नाही?” अक्काने विचारले. भाचा पानाकडे पाहत होता.

“ही सायकल नाही,” मी म्हणालो. “पण मुलगा हो.”

अक्का काही बोलली नाही. मग मी सविस्तर मांडले. पुढे-मागे पाच-सहा इंच खेळणारी, चढावर स्वतःच्या बळाने जाणारी हलकी डोंगरी सायकल याच पैशात, किंबहुना कमीत, मिळते. तिच्यावर त्याने वर्षभर ही वाट चढावी आणि उतरावी. उरलेल्या पैशातून चांगले पूर्ण शिरस्त्राण, छातीचे आणि गुडघ्याचे कवच घ्यावे. जेथे राखीव उतार आणि जाणते शिक्षक आहेत अशा ठिकाणी सुटीत जाऊन शिकावे. स्पर्धा ठरली की तेवढ्यापुरती डाऊनहिल सायकल भाड्याने किंवा मित्राकडून घेता येते. वर्षाने याच वाटेवर, याच चार तुकड्यांवर, मी पुन्हा घड्याळ लावीन. आणि त्याला नव्या सायकलीची गरज आहे असे त्या घड्याळाने सांगितले, तर अक्काच्या पैशात माझेही पैसे असतील.

“आणि पडला तर?” ती म्हणाली.

“पडेल,” मी म्हणालो. तिला खोटे सांगण्यात अर्थ नव्हता. “पण आज मी जे पाहिले, त्यावरून त्याला बंदी केलीस तर तो दुसऱ्याच्या सायकलीवरून, तुला न सांगता, कवचावाचून उतरेल. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर उतरू दे.”

ती बराच वेळ ताटाभोवतालची शिते गोळा करीत राहिली. मग भाच्याकडे वळून म्हणाली, “त्या बाभळीच्या वळणावर रविवारी मी येऊन बसेन. डबा घेऊन. मगच उतरायचे.”

सोमवारी सकाळी भाच्याने मित्राला नकार कळविला. सायकल टेंपोत चढविताना त्याने तिच्या फ्रेमवरची तवंदीची माती ओल्या फडक्याने पुसली, साखळीला तेल दिले, आणि टायरांत हवा जेवढी आली होती तेवढीच भरून दिली.